देठ

डंडीत जानेवारीत चार वाजता अंधार पडतो.
टे नदीवरचा पूल आधी अर्धा दिसतो,
मग नुसता ऐकू येतो.
तिसऱ्या मजल्यावर, बावीस अंशांच्या खोलीत
मी कालपासून काही जीवांना उपाशी ठेवलंय.

उपास त्यांनी धरलेला नाही,
मी धरवलाय.
त्यांच्या ताटातले जिवाणू धुऊन काढले
आणि काळ्या फिल्टर कागदावर पसरले
मातीतले अमीबे, सुटे सुटे,
ज्यांना एकमेकांशी काल काही देणंघेणं नव्हतं.
आपलं पोट, आपला ओलावा;
वाढलं की दोन व्हायचं,
दोघांनीही मागे वळून बघायचं नाही.

भूक लागली की मात्र कुणीतरी पहिली हाक मारतं.
आवाज नसतोच. रसायनाचा एक बारीक उसासा.
शेजारची पेशी वळते, तीच हाक पुढे देते.
दर सहा मिनिटांनी एक लाट,
आणि हजारो अनोळखी
ओहोळ होऊन एका टिंबाकडे निघतात.

रात्री फरशी पुसायला सेंगा येते.
पहिल्या दिवशी मला ‘शेंगा’ ऐकू आलं, मी हसले.
तिनं कागदावर लिहून दाखवलं:
ॲग्नेसची इंग्रजी अक्षरं उलटी लावली की सेंगा.
आजीचं नाव होतं,
आईनं तेच फिरवून वापरलं.

ये, बघ, म्हटलं.
तिनं चष्मा कपाळावर ढकलला.
एव्हाना ढिगाचं बोट झालं होतं,
उजेडाकडे जरा सरकून
आता टोकावर उभं राहत होतं.
पुढच्या पेशी मधूनच खाली उतरतात,
फुगतात, स्वतःभोवती भिंत बांधतात
आणि आत मरतात.
त्यांचा देठ होतो.
बाकीच्या त्यावरून वर चढतात
आणि एका थेंबात बीजं होऊन बसतात.
उंची दीड मिलिमीटर.
तेवढी पुरते. कुणाच्या तरी पायाला लागून
पुढच्या ओल्या मातीत जाता येतं.

“देठ कुणी व्हायचं, हे कोण ठरवतं?”

मी पुस्तकी उत्तर दिलं.
जी नुकतीच दुभागलीय,
भूक आली तेव्हा जिच्या अंगात साठा कमी होता,
तिचा कल देठाकडे.
आतला मजकूर सगळ्यांचा एकच, अक्षर न् अक्षर.
वेळ तेवढी वाईट.
साधारण पाचांत एक.

सेंगाचा डोळा भिंगावरच.
“माझी आई सात भावंडांतली,” ती म्हणाली,
“चौदाव्या वर्षी तागाच्या गिरणीत.
एक मामा शाळेत गेला, मग कॅनडात.
मागांच्या खडखडाटात बायकांचे कान जायचे,
म्हणून त्या ओठांनीच बोलायच्या.
घरीसुद्धा. मीठ दे, दार लाव,
सगळं मी तिच्या तोंडावर वाचलंय.”

ताग तरी काय, मला वाटलं,
पाण्यात कुजवून सोललेला देठच.

ती एकदम ताठ झाली.
“तिला देठ म्हणू नकोस.
शनिवारी नाचायला जायची ती.
पाय दुखत असले तरी.”

मी म्हटलं नव्हतं.
निदान आवाज तरी केला नव्हता.

मग तिनं बादली उचलली,
दारात थांबून काहीतरी बोलली, फक्त ओठांनी.
मला कळलं नाही. पुन्हा विचारायचा धीर होईना.

वहीत लिहिलं: चोवीस तास. देठ उभे.
मोजायचे राहिले,
कारण बादलीची कडी जिन्यात वाजेनाशी होईपर्यंत
तो शब्द मी
माझ्या ओठांवर करून बघत होते.